सर्व्हर म्हणतो सर्टिफिकेट दाखव, क्लायंट म्हणतो दाखवलं की! एमटीएलएस परत परत तुटतं तेव्हा

गेले चार पावसाळे हा एकच फॉल्ट मी इतक्या वेळा उघडून बसलोय की आता फोन आला आणि समोरच्याने "कनेक्शन होत नाही हो" म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला, त्या पीसीवर आज तारीख काय दाखवते ते बघ. बऱ्याचदा काम तिथेच संपतं. जेव्हा संपत नाही तेव्हासाठी ही पोस्ट.

माझ्याकडची मांडणी साधारण अशी असते: क्लायंट अॅप कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या वजनकाट्यावरच्या पीसीवर, सर्व्हर पणजीतल्या हेड ऑफिसात, आणि मधे एमटीएलएस, म्हणजे म्युच्युअल टीएलएस, दोन्ही बाजू एकमेकांची ओळख तपासतात असं सुरक्षित कनेक्शन. साध्या एचटीटीपीएसमध्ये फक्त सर्व्हर आपलं ओळखपत्र, म्हणजे सर्टिफिकेट, दाखवतो, इथे क्लायंटनेही दाखवायचं असतं. म्हणजे गेटवरचा वॉचमन ट्रकवाल्याचे कागद बघतो ते तर झालंच, पण ट्रकवालाही खाली उतरून वॉचमनला विचारतो, तू खरंच याच कारखान्याचा ना? दोघांचं समाधान झालं तरच गेट उघडतं. त्यामुळे बिघडायच्या जागाही दुप्पट.

एक आधीच सांगतो, "की" लिहिलं की मराठीत वाक्याचा घोळ होतो म्हणून प्रायव्हेट कीला (सर्टिफिकेटच्या जोडीची गुप्त फाईल) मी खाली चावी म्हणणार आहे. शब्द पोर्तुगीजांकडूनच आलाय, आम्हाला परका नाही. आणि कमांडचे शब्द देवनागरीत लिहिलेत, टर्मिनलवर ते इंग्रजीतच टाकायचे, मागे एकाने खरंच विचारलं होतं.

लक्षणं

यातलं एक जरी जुळलं तर पुढे वाचा.

- कालपर्यंत चालत होतं, आज सकाळपासून "हँडशेक फेल्युअर" (हँडशेक म्हणजे कनेक्शन सुरू होतानाची ओळख तपासणी). नेट आहे, पिंग जातो, बाकीच्या साईट उघडतात.
- एनजिनएक्स (वेब सर्व्हर) ४०० देतो आणि खाली लिहितो "नो रिक्वायर्ड एसएसएल सर्टिफिकेट वॉज सेंट", किंवा नुसतंच "द एसएसएल सर्टिफिकेट एरर". आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) असेल तर ४०३.७ किंवा ४०३.१६.
- कनेक्ट झालं असं दिसतं, पण पहिली रिक्वेस्ट पाठवली की लाईन तुटते.
- एका पीसीवर चालतं, शेजारच्या पीसीवर त्याच फाईली टाकून चालत नाही.
- हाताने चालवलं तर चालतं, सर्व्हिस म्हणून लावलं की नाही.
- दर वर्षी साधारण त्याच दिवसांत बंद पडतं (हे लक्षण लोक सांगत नाहीत, आपणच विचारावं लागतं).

तिसऱ्या लक्षणाबद्दल थोडं जास्त. टीएलएस १.३, म्हणजे २०१८ साली आलेलं व्हर्जन, यात क्लायंट आपलं सर्टिफिकेट पाठवून आपल्या बाजूने हँडशेक पूर्ण झाला असं समजून मोकळा होतो, सर्व्हर ते सर्टिफिकेट नंतर तपासतो. त्यामुळे नकार येतो तो पहिला डेटा वाचताना. लोक म्हणतात कनेक्शन तर झालं, मग अॅपमध्येच बग असणार, आणि डेव्हलपरच्या मागे लागतात. अॅप बिचारं निर्दोष असतं.

सगळ्यात आधी: नाही कोण म्हणतंय?

माझे सुरुवातीचे दोन-तीन दिवस तरी यातच फुकट गेलेत. एरर क्लायंटच्या स्क्रीनवर दिसला म्हणून मी क्लायंटच खोलत बसायचो, आणि नकार दिलेला असायचा सर्व्हरने. साधा नियम: ज्याने नाही म्हटलं त्याची विश्वासाची यादी आणि त्याचं घड्याळ बघा, आणि ज्याला नाही म्हटलं त्याने काय दाखवलं ते बघा.

हे ओळखायचं कसं? ओपनएसएसएलवर (टीएलएसची लायब्ररी, तिच्या कमांडही असतात) चालणाऱ्या अॅपमध्ये "सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड" दिसलं तर या बाजूनेच समोरच्याला नाकारलंय. "अलर्ट" हा शब्द आणि पुढे नंबर दिसला, उदाहरणार्थ "अलर्ट अननोन सीए, नंबर ४८", तर तो समोरून आलाय. जावामध्ये "पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड" म्हणजे नकार आपला, "रिसीव्ह्ड फेटल अलर्ट" म्हणजे समोरच्याचा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एसचॅनेलचे (विंडोजच्या स्वतःच्या टीएलएसचे) इव्हेंट बघा, ३६८८७ म्हणजे अलर्ट समोरून आला, ३६८८८ म्हणजे आपण पाठवला.

अलर्टचे नंबर पाठ करायची गरज नाही पण चार लक्षात ठेवा. ४५ म्हणजे एक्स्पायर झालेलं. ४८ म्हणजे तुझं सर्टिफिकेट देणारा सीए (सर्टिफिकेट ऑथॉरिटी) मला माहीत नाही. ११६ म्हणजे सर्टिफिकेट हवं होतं आणि तू पाठवलंच नाहीस, हा १.३ मध्येच येतो. ४२ म्हणजे सर्टिफिकेट वाईट आहे, कसं वाईट ते सांगत नाही. आणि ४० आला तर तो काहीच सांगत नाही, नुसता हँडशेक फेल, तेव्हा सर्व्हरचा लॉगच बघावा लागतो. सर्व्हर दुसऱ्याचा असेल तर त्यांच्याकडून लॉगच्या दोन ओळी मागवा, त्या दोन ओळी नसताना केलेलं सगळं काम अंदाजपंचे.

आता तपासण्या. फुकटच्या आधी.

घड्याळ

कुंडईच्या काट्यावरची गोष्ट सांगतो म्हणजे पटेल. जून-जुलैत आमच्याकडे लाईट जाते, येते, परत जाते. काट्यावरच्या यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे पीसी धाडकन बंद पडायचा, आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलही संपलेला, म्हणून लाईट आली की पीसी उठायचा तो कितीतरी वर्षं मागच्या तारखेला. सर्टिफिकेट नुकतंच काढलेलं, पीसीच्या हिशोबाने ते अजून जन्मालाच आलं नव्हतं. एरर आला "नॉट यट व्हॅलिड". तिथल्या मुलाने "व्हॅलिड नाही" एवढंच वाचलं आणि नवीन सर्टिफिकेट काढलं. नाही चाललं. परत काढलं. आता गंमत बघा, प्रत्येक नव्या सर्टिफिकेटची सुरुवातीची तारीख आणखी पुढची, म्हणजे जितकी नवीन काढाल तितका प्रॉब्लेम घट्ट होतो. दोन दिवस ट्रक रांगेत उभे होते. मी गेलो, टास्कबारवर बघितलं, पन्नासेक रुपयांचा सेल बदलला आणि परत आलो. पात्राव (तिथला मालक) म्हणाला, एवढंच? एवढंच.

इंटरनेट आहे म्हणजे विंडोज स्वतःच वेळ जुळवून घेईल असं समजू नका. डोमेनमध्ये नसलेला पीसी डिफॉल्टने आठवड्यातून एकदाच वेळ विचारतो, आणि फरक पंधरा तासांपेक्षा जास्त असेल तर तो बदल करायला तयारच होत नाही. म्हणजे ज्या पीसीला सगळ्यात जास्त गरज तोच तसा राहतो. हाताने तारीख घाला, मग सिंक करा.

दुसरी तऱ्हा जास्त छुपी. टाईमझोन यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) राहिलेला असतो आणि कुणीतरी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून भारतीय वेळ घालतो. स्क्रीनवर वेळ बरोब्बर दिसते, पण मशीनच्या मते यूटीसी साडेपाच तास पुढे गेलेली असते, आणि सर्टिफिकेटमधल्या तारखा यूटीसीत असतात. असल्या मशीनवर स्वतःचा सीए चालवत असाल तर सकाळी काढलेलं सर्टिफिकेट कुठेच चालत नाही आणि संध्याकाळी काहीही न करता आपोआप चालायला लागतं. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी खरंच हात जोडले होते.

वेळेचा सोर्स काय ठेवावा यावर वाद नको, सर्ट-इनने (सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या एनटीपी (वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी घड्याळं जुळवायला सांगितलेलंच आहे. दोन्ही टोकांना एकच सोर्स लावा.

मुदत

घड्याळ बरोबर असेल तर सर्टिफिकेटची शेवटची तारीख बघा. विंडोजवर फाईलवर डबलक्लिक, लिनक्सवर ओपनएसएसएल एक्स५०९ ला "डेट्स" ऑप्शन. दोन्ही सर्टिफिकेटं बघायची, क्लायंटचं आणि सर्व्हरचं, आणि ज्या सीएने ती दिली त्याचंही. सीएचं सर्टिफिकेट संपलेलं कुणाच्या डोक्यातच येत नाही कारण ते पाच-दहा वर्षांपूर्वी कुणीतरी बनवून तो माणूस दुबईला गेलेला असतो.

माझी स्वतःची चूक पण सांगतो. मडगावच्या एका ग्राहकाकडे २७ ऑगस्ट २०२४ ला मी ३६५ दिवसांचं क्लायंट सर्टिफिकेट काढून दिलं. २०२५ ची चवथ (गणेश चतुर्थी) कधी होती? २७ ऑगस्टला. माटोळी (गणपतीवरचं फळाफुलांचं छत) बांधून झालेली, घरात पाहुणे, आणि माझा फोन वाजतोय. तेव्हापासून मी ३६५ दिवस घालतच नाही, मुदत मुद्दाम फेब्रुवारीच्या एखाद्या मंगळवारी संपेल अशी मोजून घालतो, आणि महिनाभर आधी कॅलेंडरमध्ये आठवण. सणाच्या, लाँग वीकेंडच्या आणि मार्चअखेरच्या आसपास मुदत संपू द्यायची नाही.

सर्व्हरचं सर्टिफिकेट पब्लिक सीएकडून घेतलं असेल तर पुढे हे जास्त वेळा येणार आहे. ३९८ दिवसांची मर्यादा २०२० पासून होती, १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस असं ठरलंय. घरच्या सीएला हा नियम लागू नाही, पण हाताने रिन्यू करायची सवय मोडायलाच लागणार.

नवीन सर्टिफिकेट टाकूनही जुनंच दिसतंय? रीलोड केलं का? एनजिनएक्स फाईली फक्त सुरू होताना किंवा रीलोडच्या वेळी वाचतो. बहुतेक जावा अॅप रीस्टार्टशिवाय नवीन कीस्टोअर बघत नाहीत. हसू नका, आठवड्याला एक तरी असं निघतं.

दुसऱ्या नेटवरून बघा

मोबाईलचा हॉटस्पॉट लावा आणि तेच अॅप चालवा. (सर्व्हर फक्त आतल्या नेटवर्कमध्ये असेल तर हे सोडा.) हॉटस्पॉटवर चाललं तर मधे कुणीतरी बसलंय, ऑफिसचा प्रॉक्सी किंवा फायरवॉल. अँटीव्हायरसचं एचटीटीपीएस स्कॅनिंग पण असंच करतं, पण ते पीसीवरच असल्यामुळे हॉटस्पॉटने कळत नाही, ते वेगळं बंद करून बघावं लागतं. ही सगळी मंडळी कनेक्शन मधेच उघडून, वाचून, परत बंद करून पुढे पाठवतात. साध्या एचटीटीपीएसला ते खपतं. एमटीएलएसला नाही, कारण क्लायंटची चावी त्या मधल्याकडे नसते, त्यामुळे तो क्लायंटच्या नावाने सही करू शकत नाही, आणि सर्व्हरला सर्टिफिकेटच पोचत नाही. ओळखायची खूण: क्लायंटच्या पीसीवरून सर्व्हरचं सर्टिफिकेट बघा आणि "इश्यूअर" वाचा. तिथे तुमच्या सीएऐवजी अँटीव्हायरसचं किंवा फायरवॉलचं नाव असेल तर चोर सापडला. उपाय म्हणजे त्या एका होस्टनेमसाठी स्कॅनिंगमधून सूट, अँटीव्हायरसच कायमचा काढून टाकणं नव्हे.

फाईलींची अवस्था

इथपर्यंत काही निघालं नाही तर फाईली. यात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो कारण माणसं फाईली कशाही पाठवतात.

पीईएम फाईल (मजकुराच्या रूपातलं सर्टिफिकेट) नोटपॅडमध्ये उघडा. "बिगिन सर्टिफिकेट" च्या दोन्ही बाजूंना पाच-पाच डॅश हवेत. कुणी वर्डमध्ये पेस्ट करून परत कॉपी केलं असेल तर वर्ड त्या डॅशांची एक लांब रेघ करून टाकतो, डोळ्याला तसंच दिसतं, प्रोग्रामला ते सर्टिफिकेटच वाटत नाही. चॅटमध्ये मजकूर म्हणून पेस्ट केलेलं तर बघायलाच नको. फाईल फाईल म्हणूनच पाठवा. सर्टिफिकेट हं, चावी नाही, त्यावर खाली येतो.

मग चावी आणि सर्टिफिकेट एकमेकांचे आहेत का ते बघा. ओपनएसएसएल पीके ने चावीतून पब्लिक की काढा, एक्स५०९ ने सर्टिफिकेटमधून काढा, दोन्ही अक्षर न अक्षर सारख्या यायला हव्यात. नाही आल्या तर कुणीतरी सीएसआर (सर्टिफिकेटसाठीचा अर्ज) दुसऱ्यांदा बनवलाय, नवीन चावी तयार झालीय, आणि सर्टिफिकेट जुन्या चावीवरचं आहे. यावर दुरुस्ती नाही, योग्य चावी शोधा नाहीतर सर्टिफिकेट नव्याने काढा.

पीएफएक्स फाईल (सर्टिफिकेट आणि चावी एकत्र) विंडोजवर घेताना "पासवर्ड चुकीचा" म्हणतंय आणि तुम्हाला शंभर टक्के माहितीय पासवर्ड बरोबर आहे? ती फाईल ओपनएसएसएल ३ ने बनवली का विचारा. २०२१ मध्ये आलेल्या या व्हर्जनपासून पीएफएक्सचं डिफॉल्ट एन्क्रिप्शन नवीन झालं, सर्व्हर २०१६ आणि त्याआधीच्या विंडोजला ते कळत नाही, आणि न कळल्याचं सांगण्याऐवजी ते पासवर्डवर ढकलतं. "लेगसी" ऑप्शन लावून परत बनवा. उलटी गंमत पण आहे, जुनी पीएफएक्स ओपनएसएसएल ३ ला वाचता येत नाही, तिथेही तोच ऑप्शन.

क्लायंट सर्टिफिकेट पाठवतोय तरी का?

ओपनएसएसएलची एस_क्लायंट कमांड, सोबत कनेक्ट, सर्व्हरनेम, सर्ट, की आणि सीएफाईल हे ऑप्शन. अॅप बाजूला ठेवून नुसत्या हाताने बोलणी करायची. इथे चाललं आणि अॅपमधून नाही चाललं तर दोष अॅपच्या कॉन्फिगमध्ये, इथेही नाही चाललं तर अॅपला हात लावू नका.

आउटपुटमध्ये "अॅक्सेप्टेबल क्लायंट सर्टिफिकेट सीए नेम्स" शोधा. ही सर्व्हरची यादी, की मी या या सीएंनी दिलेली सर्टिफिकेटं घेईन. तुमच्या सीएचं नाव त्यात नसेल तर ब्राउझर, जावा वगैरे शहाणे क्लायंट सर्टिफिकेट असूनसुद्धा गप्प बसतात, रिकामं पाकीट पाठवतात. सर्व्हर म्हणतो दाखव, क्लायंट म्हणतो तुझ्या कामाचं माझ्याकडे काही नाही. एनजिनएक्समध्ये ही यादी "एसएसएल क्लायंट सर्टिफिकेट" मध्ये दिलेल्या फाईलमधून जाते. "एसएसएल ट्रस्टेड सर्टिफिकेट" मध्ये टाकलेल्या सीएवर विश्वास ठेवला जातो पण नाव यादीत जात नाही, या एका फरकावर माझी एक अख्खी रात्र गेलीय. आणि सीए नेमची यादी आलीच नाही, सर्व्हरने सर्टिफिकेट मागितल्याचं काही चिन्हच नाही, तर "व्हेरिफाय क्लायंट" चालूच नाही किंवा तुम्ही भलत्याच सर्व्हरब्लॉकवर पोचलाय. सर्व्हरनेम ऑप्शन म्हणूनच द्यायचा.

कर्ल या कमांडने टेस्ट करत असाल तर एक सावधानता, विंडोजबरोबर येणारा कर्ल एसचॅनेल वापरतो, त्याला पीईएमच्या दोन फाईली देऊन चालत नाही, पी१२ (म्हणजे पीएफएक्सच) फाईल किंवा सर्टिफिकेट स्टोअरमधला पत्ता लागतो. लिनक्सवरची कमांड जशीच्या तशी चिकटवून "तुमचं सर्टिफिकेटच चुकीचं" असं मला सांगू नका.

साखळी

सर्व्हरकडे रूट (सगळ्यात वरचा) सीए आहे, क्लायंटचं सर्टिफिकेट मात्र इंटरमीडिएटने (रूटच्या हाताखालच्या मधल्या सीएने) दिलंय, आणि क्लायंट फक्त आपलं एकटं पाठवतोय. सर्व्हरला मधला दुवाच मिळत नाही. ओपनएसएसएलचा एरर २० किंवा २१ बहुतेक वेळा हाच. क्लायंटच्या फाईलमध्ये आधी स्वतःचं सर्टिफिकेट, खाली इंटरमीडिएट, या क्रमाने. रूट पाठवायची गरज नाही, तो समोरच्याकडे आधीपासून असायला हवा, नाहीतर विश्वास कसला. इंटरमीडिएट एकापेक्षा जास्त असतील तर एनजिनएक्सचा "व्हेरिफाय डेप्थ" पण वाढवा, डिफॉल्ट १ असतो.

सगळ्यात फसवा प्रकार: कुणीतरी सीए नव्याने बनवलाय, पण नाव तेच ठेवलंय. वाचताना इश्यूअर आणि सब्जेक्ट तंतोतंत जुळतात, चावी वेगळी. नावं बघत बसाल तर कधीच सापडणार नाही, दोन्ही टोकांच्या सीए फाईलींचे फिंगरप्रिंट ताडून बघा. एकाच गावात एकाच नावाचे दोन नाईक असतात तसं आहे, घराचा नंबर विचारावा लागतो.

आयआयएसवाल्यांसाठी: ४०३.१६ येत असेल तर ट्रस्टेड रूट स्टोअरमध्ये कुणी इंटरमीडिएट चुकून टाकलंय का बघा. तिथे फक्त स्वतःच स्वतःवर सही केलेली रूट असायला हवीत, एक जरी भलतं आत असलं तर सर्व्हर २०१२ पासून पुढे चांगल्या क्लायंटनाही नकार मिळतो.

नाव आणि उपयोग

सर्व्हरला तुम्ही आयपीने हाक मारताय आणि सर्टिफिकेटमध्ये फक्त नाव आहे, तर क्लायंट नकार देणारच. नाव सॅनमध्ये (सर्टिफिकेटमधला सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम हा रकाना) हवं, जुन्या कॉमन नेमवर आता भरवसा नाही, क्रोमने २०१७ मध्येच ते बघणं सोडलं आणि गो भाषेनेही २०२० मध्ये. आयपी घालायचाच असेल तर सॅनमध्ये आयपी या प्रकारात घाला, डीएनएस या प्रकारात घातलेला आयपी चालत नाही.

उपयोग म्हणजे एक्स्टेंडेड की युसेज. क्लायंटच्या सर्टिफिकेटवर "क्लायंट ऑथेंटिकेशन" हवं. वेबसाईटसाठी घेतलेलं सर्टिफिकेटच क्लायंट म्हणून वापरायची सवय पुष्कळांना आहे, आतापर्यंत ते चाललं कारण त्यात दोन्ही उपयोग लिहिलेले असायचे. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या पब्लिक सीएने २०२५ मध्येच सांगून ठेवलं की २०२६ पासून क्लायंटचा उपयोग काढणार. तेव्हा रिन्यू झाल्यावर अचानक "अनसपोर्टेड सर्टिफिकेट पर्पज" येऊ लागला तर कारण हे. यावर उपाय स्वतःचा सीए, पब्लिक सीएच्या मागे लागून उपयोग नाही.

सर्व्हिसला चावी दिसत नाही

तुम्ही लॉगिन करून चालवलं तर चालतं, सर्व्हिस म्हणून नाही. विंडोजवर सर्टिफिकेट "करंट युजर" मध्ये टाकलंय, सर्व्हिस बघते "लोकल मशीन" मध्ये. तिथे हलवा, आणि मग "मॅनेज प्रायव्हेट कीज" मध्ये जाऊन सर्व्हिसच्या अकाउंटला वाचायची परवानगी द्या, हे दुसरं पाऊल सगळे विसरतात. सर्टिफिकेटच्या चित्रावर छोटी चावी दिसत नसेल तर चावी आलेलीच नाही, पीएफएक्सने परत आयात करा. लिनक्सवर चावीची फाईल रूट युजरच्या नावावर ६०० (फक्त मालकालाच वाचता येईल अशी परवानगी) असते आणि सर्व्हिस दुसऱ्या युजरने चालते, एवढंच. ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) करणाऱ्याला मी उंडो-भाजी (पाव-भाजी) सुद्धा खिलवणार नाही.

सीआरएल, आणि एकदम सगळे बंद

एकाच क्षणी सगळेच क्लायंट बंद पडले, मुदती सगळ्यांच्या शिल्लक, तर रद्द यादीची फाईल बघा. सीआरएलला स्वतःची "नेक्स्ट अपडेट" तारीख असते, ती उलटली की सर्व्हर म्हणतो मला आता कुणाचंच खरं वाटत नाही. सीआरएल नव्याने काढा, सर्व्हरवर टाका, रीलोड. आणि ती दर काही दिवसांनी आपोआप निघेल असा जॉब लावा.

लोड बॅलन्सर किंवा रिव्हर्स प्रॉक्सी पुढे असेल तर टीएलएस तिथेच संपतं, मागच्या अॅपला क्लायंटचं सर्टिफिकेट दिसणारच नाही. तपासणी पुढच्या पेटीवर करावी लागते आणि ओळख हेडरमधून मागे पाठवावी लागते. हे हेडर बाहेरून कुणी खोटं घालून पाठवू नये म्हणून पुढच्या पेटीने आलेलं आधी पुसायचं असतं. इथपासून पुढे प्रकरण अवघड, एकट्याने करू नका.

"तात्पुरतं व्हेरिफिकेशन बंद करतो"

नको. इन्सिक्युअर ऑप्शन, "सगळ्यांवर विश्वास ठेव" वाला कोड, "व्हेरिफाय क्लायंट ऑप्शनल" करून निकाल न बघणं, हे सगळं केलं की एरर जातो हे खरंय. तात्पुरतं म्हणून केलेलं मी तीन वर्षांनी उघडलेलंय. टेस्टसाठी दोन मिनिटं एस_क्लायंटवर काय करायचं ते करा, चालू अॅपमध्ये नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

चावी चुकून मेलवर, चॅटवर किंवा कुठल्या शेअर्ड फोल्डरवर गेली असेल तर समस्या निवारण तिथेच संपलं. ती चावी फुटली. सर्टिफिकेट रद्द करायला सीए सांभाळणाऱ्याला लगेच कळवा, आणि कंपनीच्या सिक्युरिटीवाल्याला पण, कारण तिचा कुणी गैरवापर करून आत शिरलं असेल तर सर्ट-इनला सहा तासांत कळवायचं बंधन आहे. ते कळवायचं की नाही हे तुम्ही काट्यावर बसून ठरवू नका.

सीएचीच चावी हरवली किंवा फुटली असेल तर अजिबात हात लावू नका, तिथून सगळ्या क्लायंटची सर्टिफिकेटं बदलावी लागतात आणि त्याला प्लॅन लागतो.

चावी यूएसबी टोकनमध्ये किंवा एचएसएममध्ये (चावी सांभाळणारं खास उपकरण) असेल तर पिन अंदाजाने टाकत बसू नका. ठराविक चुका झाल्या की टोकन लॉक होतं, आणि आतली चावी बाहेर काढता येत नाही हाच त्याचा गुण असतो.

समोरचा सर्व्हर बँकेचा किंवा सरकारी असेल आणि अलर्ट त्यांच्याकडून येत असेल, तुमचं घड्याळ, मुदत, साखळी आणि चावी जुळणी झालेली असेल, तर त्यांच्या सपोर्टला तिकीट टाका. त्यांच्याकडे नवीन सर्टिफिकेट रजिस्टर करायचं राहून गेलेलं असतं, आणि ते तुमच्या बाजूने कितीही डोकं आपटून होत नाही.

माणूस बोलवाल तेव्हा एवढं तयार ठेवा म्हणजे त्याचे दोन तास आणि तुमचे पैसे वाचतील: एरर आला ती नेमकी वेळ सेकंदासकट, दोन्ही टोकांच्या लॉगच्या त्या वेळच्या ओळी, अलर्टचा नंबर, एस_क्लायंटचं पूर्ण आउटपुट, दोन्ही सर्टिफिकेटं आणि सीएचा फिंगरप्रिंट, आणि शेवटचं चालू होतं तेव्हापासून काय बदललं ते, अगदी अँटीव्हायरस अपडेट झाला असेल तरी. चावीची फाईल मागितली तर देऊ नका, ज्याला हे काम येतं तो ती मागतच नाही.